वीज नक्की कोणाची?

“उद्या दुपारपर्यंत उक्कोला साक्षीला घेऊन ये, नाहीतर गळ्यातला दगड काढून दे!” सरदार वाल्तो गरजला.

उक्को म्हणजे उत्तरेकडच्या त्या थंडगार मुलखातला गडगडाटाचा देव. त्याला बोलवायचं कसं? आणि आलाच, तर बसवायचं कुठं?

भानगड अशी झाली होती. लेम्पी या शेतकऱ्याच्या मुलीच्या गोठ्यावर वीज पडली. गोठा जळाला, एकुलती एक गाय गेली. राख उपसताना लेम्पीला कुऱ्हाडीच्या आकाराचा एक गुळगुळीत दगड सापडला. वीज पडते तिथं उक्को आपली दगडी कुऱ्हाड टाकतो, आणि ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला पुन्हा वीज शिवत नाही, अशी तिकडच्या लोकांची पक्की समजूत. लेम्पीनं दगड तारेत गुंफून गळ्यात घातला. तेव्हा कुठं बिचारीची धास्ती गेली.

वाल्तोच्या गळ्यात तर आधीच उक्कोच्या हातोड्याचे सात ताईत लोंबत होते, सगळे काशाचे, हातोड्याच्याच आकाराचे. चालू लागला की घुंगरमाळ घातलेल्या बैलासारखा वाजायचा! तरी हाव संपेना.

“माझ्या हद्दीत आभाळातून पडेल ते माझं,” तो म्हणाला. “उक्कोनं तुला दिला म्हणतेस? मग त्यालाच सांगू दे!”

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं गाव जमलं. लेम्पी एकटीच आली.

“साक्षीदार कुठाय?” वाल्तोनं विचारलं.

“येईल की! आधी सांगा, तुमच्या हद्दीत आभाळातून पडतं ते सगळं तुमचं?”

“सगळं!”

“मग वीजही तुमचीच! तुमच्या विजेनं आमची गाय मारली. भरून द्या!”

तेवढ्यात एक मासेमार ओरडला, “माझी होडी जाळली!”

“माझी गवताची गंजी!”

“आमच्या मामंजींची अर्धी दाढी!” एक बाई पदर खोचूनच पुढे आली असती, पण तिकडे पदर नसतो. तिनं बाह्या सरसावल्या.

लोक चहूबाजूंनी पुढे येऊ लागले. वाल्तो पुरता घाबरला. त्यानं गळ्यातला सगळ्यांत मोठा हातोडा मुठीत धरला.

“शपथेवर सांगतो, वीज माझी नाही! उक्कोची आहे! ती कुठं पाडायची, कोणाला काय द्यायचं, त्याचं तो ठरवतो! माझा काही संबंध नाही!”

“झाली साक्ष!” लेम्पी म्हणाली. “हातोडा हातात घेतला की माणसाच्या तोंडून उक्को बोलतो, असं दर सणाला तुम्हीच सांगता ना? मग आत्ता कोण बोललं?”

वाल्तोनं आपल्या मुठीकडं पाहिलं. मग लेम्पीकडं पाहिलं. आणि तो असा खदखदून हसला, की सातही हातोडे खणाखणा वाजले.

“दगड तुझा, पोरी! वर दुभती गाय देतो, गोठाही बांधून देतो. पण हे बक्षीस आहे हं, नुकसानभरपाई नाही!”

“चालेल, सरदार!” लेम्पी म्हणाली. “दूध तेवढंच देईल ती!”