गायरानावरचा वसंत चषक

डोंगराच्या पाठीमागे, जिथून माणसांची पायवाट कंटाळून परत फिरते तिथून थोडं पुढे, एक गायरान होतं. गवत एवढं की ससा उभा राहिला तर त्याचे कान तेवढे दिसत. ते कुणाच्याच मालकीचं नव्हतं म्हणून सगळ्यांचं होतं, आणि हीच त्यातली मोठी उणीव होती असं पुढे तज्ज्ञांनी दाखवून दिलं.

या गायरानावर इठाबाई नावाची टिटवी नवऱ्यासोबत राहत होती. ससे, चितळं, लावे सगळे तिला इठाक्का म्हणत. टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करते आणि त्यातच अंडी घालते. त्यामुळे तिला चारी बाजूंना सारखं लक्ष ठेवावं लागतं. कुठे गवत हललं, कुठे वास आला, की इठाक्का आभाळात चढायची आणि असा आकांत करायची की अख्खं गायरान चरणं टाकून पळत सुटे. निम्म्या वेळा काहीच नसे. उरलेल्या निम्म्या वेळा दमाजीराव असत.

दमाजीराव बिबटे हे त्या जंगलाचे राजे. ते एकदा परमुलखात अभ्यासदौऱ्यावर गेले. तिथे त्यांनी पाहिलं की मोठमोठे प्राणी एका काठीनं चेंडू लांब मारतात, मग गप्पा मारत त्याच्यामागे चालत जातात आणि तो ठरलेल्या खड्ड्यात पडेपर्यंत पुन्हा मारतात. चालता चालता जंगलाचे सगळे निर्णय होऊन जातात. परत आल्यावर त्यांनी सभेत सांगितलं की ज्या जंगलात गोल्फ नाही, त्या जंगलाला आज जगात कुणी विचारत नाही. आपल्याला कुणी विचारत नाही हे जनतेला तोवर माहीतच नव्हतं. जनता फार शरमिंदी झाली.

अशा रीतीनं गायरानाचा वनश्री कंट्री क्लब झाला. फर्मान अगदी सौम्य भाषेत होतं. "गायरान जनतेचं आहे आणि जनतेचंच राहील. जनतेनं फक्त आत येऊ नये, एवढीच नम्र विनंती." सभासदत्व सर्वांना खुलं होतं. अट एकच, अर्जदाराला सुळे असावेत.

ससे घाबरले की आता खायचं काय. पण त्यांच्यासाठी लगेच रोजगार निघाला. मैदानावरचं गवत दातांनी कुरतडून एकसारखं ठेवायचं. कुरतडायचं, पण गिळायचं नाही. तोंडातलं गवत कुंपणापाशी आणून थुंकायचं, आणि मग रांगेत उभं राहून क्लबाच्या तपासनीस मुंगसासमोर आ करायचा. मुंगूस प्रत्येकाच्या तोंडात डोकावून खात्री करून घेई. त्या बदल्यात सशांना कुंपणाबाहेरचं वाळकं गवत मिळे. सशांमध्ये गेणबा म्हणून एक वयस्क ससा होता. दिवसभर तोंडात कोवळी हिरवळ धरून संध्याकाळी काड्या चघळताना तो म्हणे की काही म्हणा, पण हाताला काम मिळालं.

क्लबाचे चिटणीस होते आनंदराव तरस. निसर्गानंच त्यांना असा चेहरा दिला होता की कुठलीही बातमी ते हसऱ्या तोंडानं ऐकत. ते इठाबाईकडे आले आणि म्हणाले की क्लबाला हंगामी वार्ता सांगायला कुणीतरी हवं आहे. आवाज लांब जाईल असं, आणि लोकांचा विश्वास असेल असं.

इठाबाई म्हणाली, "मला ओरडता येतं ते धोका असला तरच."

"तेच ओरडा," आनंदराव म्हणाले. "लोकांना फक्त अर्थ बदलून सांगू. पळापळीनं गवत तुडवलं जातं हो."

तिला पटलं नव्हतं. पण तिचं घरटं आता क्लबाच्या सहाव्या खड्ड्याजवळ येत होतं, आणि ते हलवायचा हुकूम निघणार अशी कुजबुज होती. आनंदरावांनी सांगितलं की बाईंनी पद स्वीकारलं तर घरट्याभोवती चुन्याचं रिंगण आखू आणि त्या रिंगणात राजेही पाऊल टाकणार नाहीत. तिचा नवरा भिवाजी बोलायला फार कमी. तो एवढंच म्हणाला की चुना पावसात जातो. तरी तिनं पद घेतलं. आई झालेल्यांनी तिला नावं ठेवू नयेत.

त्या पावसाळ्यापासून इठाबाई आभाळात चढून ओरडली की कुणी पळायचं नाही, जागेवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या, असं ठरलं. सशांना सवय व्हायला थोडा वेळ लागला. पहिले काही दिवस ते टाळ्या वाजवत पळायचे. मग नुसत्या टाळ्या उरल्या.

पावसाळी वार्ता अशी होती की चिखलामुळे खेळ बंद आहे, गवत जोमात आहे, आणि सशांना दुप्पट काम मिळाल्याबद्दल त्यांचं अभिनंदन. हिवाळ्यात क्लबात शेकोटी आणि स्नेहभोजन झालं. कार्यक्रम यशस्वी करण्यात चितळ समाजाचा वाटा मोठा होता, हे इठाबाईला मुद्दाम सांगायला लावलं. उरलेल्या चितळांनी टाळ्या वाजवल्या. फाल्गुनात ओढ्याचं पाणी हिरवळीकडे वळवलं आणि जनतेसाठी जलबचत उत्सव सुरू झाला. दिवसाआड तहान लागू द्यायची, असं त्याचं स्वरूप होतं. इठाबाई हे सगळं ओरडून सांगत होती, आणि रोज संध्याकाळी रिंगणाचा चुना जागेवर आहे ना ते पाहत होती. एकदा भिवाजी म्हणाला की तू हल्ली ओरडतेस ते मलाही कळेनासं झालंय, पळू की बसू. ती त्याच्यावर उखडली. मग तिनं अंडी घातली. चार होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची.

चैत्रात वसंत चषक जाहीर झाला. शेजारच्या नदीराज्याचे प्रमुख, मगरमहाशय, पाहुणे म्हणून येणार होते. तोवर क्लबात कवठं मारून खेळत असत. पण पाहुण्यासमोर कवठं कशी ठेवायची, असा प्रश्न निघाला. आनंदरावांनी समिती नेमली. समितीनं अहवाल दिला की गोल, हलकं आणि पूर्णपणे देशी असं फळ जंगलात एकच आहे, ते म्हणजे अंडं. अंडं मारल्यावर फुटतं ही अडचण तज्ज्ञांच्या लक्षात आली होती. उपाय म्हणून अंडी जास्त मागवायची ठरली. आणि फुटलेलं अंडं जिथे पडेल तिथेच खड्डा होता असं समजावं, असा नियम केला. त्यामुळे दमाजीरावांचा खेळ एकदम सुधारला.

इठाबाईला बातमी मिळाली ती "स्वेच्छा अंडीदान सप्ताह" या नावानं. तिनं आनंदरावांना एकच गोष्ट विचारली. ते म्हणाले, "छे, तुमची कशी? तुमची रिंगणात आहेत."

ती वर गेली आणि ओरडली. टाळ्या झाल्या. त्या आठवड्यात मुंगूस टोपली घेऊन प्रत्येक झुडपाखाली फिरलं. लाव्यांनी दिली, तित्तिरांनी दिली. एका लांडोरीनं नाही म्हटलं, तेव्हा तिला स्वेच्छा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. इठाबाई घरट्यावर बसून राहिली. शेजारची लावी रिकाम्या खळग्याकडे पाहत उभी होती. इठाबाईनं मान दुसरीकडे वळवली.

स्पर्धेचा दिवस झकास उजाडला. मगरमहाशय आले, भाषणं झाली, दोन्ही राज्यांचे संबंध पुराण्या काळापासून अंड्याच्या कवचासारखे मजबूत आहेत असं सांगून झालं. मग खेळ सुरू झाला. पाहुण्यांना काठीचा सराव नव्हता, त्यामुळे त्यांना अंडी फार लागली. शेवटचा एक फटका राहिला आणि टोपली संपली.

सगळे थांबले. आनंदरावांनी टोपली उलटी करून पाहिली. मग त्यांची नजर फिरत फिरत सहाव्या खड्ड्याजवळ आली. तिथे पांढरंशुभ्र रिंगण होतं. आदल्याच दिवशी चुना नव्यानं मारला होता, त्यामुळे ते लांबूनही छान दिसत होतं.

दमाजीराव म्हणाले, "एकच घ्या. आपण काही रानटी नाही."

इठाबाईनं मुंगसाला चोच मारली, पंख आपटले, मोडक्या पंखाचं सोंग घेऊन पुढे धावली. मुंगूस तिच्यामागे गेलं नाही, त्यानं एक अंडं उचललं. ती नेमकी कशाला लंगडते आहे ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. भिवाजी उरलेल्या तीन अंड्यांवर अंग पसरून बसला. तेव्हा ती आभाळात चढली आणि पूर्वी ओरडायची तशी ओरडली. छाती फाटेल असं. कुणीतरी धावून यावं, निदान पळून तरी जावं, म्हणून ओरडली.

खाली सशांनी टाळ्या वाजवल्या. लाव्यांनी वाजवल्या. ती जितकी जीव तोडून ओरडली तितक्या टाळ्या वाढत गेल्या. तिनं मगरमहाशयांच्या डोक्यावर झडप घातली तेव्हा ते जरा दचकले. दमाजीरावांनी त्यांना समजावलं की ही आमच्याकडची स्वागताची जुनी पद्धत आहे. पाहुण्यांनी फटका मारला. अंडं फुटलं, आणि चषक त्यांनाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी दमाजीराव स्वतः घरट्यापाशी आले. रिंगणाच्या बाहेर उभे राहिले, नियम म्हणजे नियम. म्हणाले, "इठाबाई, झालं ते मनाला लागलं. सहाव्या खड्ड्याला आम्ही तुमच्या अंड्याचं नाव देतोय."

"त्याचं नाव ठेवलं नव्हतं," इठाबाई म्हणाली.

"मग तुम्ही सुचवा. उद्या वार्तेत सांगून टाका."

"मी आता वार्ता सांगणार नाही."

दमाजीरावांना राग आला नाही. ते म्हणाले की काही हरकत नाही, मैनेचा अर्ज येऊन पडलाय. आणि मगरमहाशयांकडे परतभेटीसाठी निघून गेले. मैनेनं सांगितलं की इठाबाई कौटुंबिक कारणासाठी रजेवर आहेत.

त्या दुपारी इठाबाई उडाली नाही. ती चालत कुंपणापाशी गेली, जिथे ससे रांगेत उभे होते, आणि गेणबाशेजारी बसली. आवाज चढवला तर टाळ्या होतील म्हणून अगदी हळू बोलली.

"गेणबा, काल मी आनंदानं ओरडले नाही."

गेणबाच्या तोंडात गवत होतं. त्याला बोलता येईना.

"माझं अंडं नेलं. मी तुम्हाला हाक मारत होते."

इठाबाई पुढच्या सशाकडे गेली, मग त्याच्या पुढच्याकडे. सगळ्यांना तिनं तेवढंच सांगितलं. लावीकडेही गेली. लावीनं ऐकून घेतलं आणि तिच्यासाठी सावलीत जागा केली.

गेणबाची पाळी आली तेव्हा मुंगसानं आ करायला सांगितलं. तोंडात काहीच नव्हतं.

"गवत कुठंय?" मुंगसानं विचारलं.

"गिळलं वाटतं," गेणबा म्हणाला. जणू दुसऱ्याच कुणी गिळलं असावं असा त्याचा आवाज होता. पण कोवळ्या गवताची चव त्याला वर्षभरानं लागली होती, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

मागच्या सशानंही गिळलं होतं. त्याच्या मागच्यानंही. मुंगूस रांगेच्या शेवटापर्यंत गेलं आणि घामाघूम झालं. सशांनी गवत खाल्लं असं कळवावं तर तपासणी काय करत होतास असं विचारणार. म्हणून त्यानं कळवलं की यंदा हवामानामुळे गवत कमी उगवलं. हा अहवाल इतका सोयीचा होता की तो रोज जाऊ लागला. ससे रोज कामावर येत आणि पोटभर काम करून जात. दमाजीराव परतभेट आटोपून आले तेव्हा हिरवळ नावाला उरली नव्हती. खड्डे तेवढे होते, आणि नुसत्या खड्ड्यांना क्लब म्हणावं असं कुणालाच वाटत नव्हतं. इठाबाईची तिन्ही पिल्लं त्यातून तुरुतुरु पळत होती.

आनंदराव हसत हसत म्हणाले की सशांना रांगेत उभं करून एकेकाचा हिशेब करावा. दमाजीरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. पावसाआधी राजेपदाची निवडणूक होती. त्यांनी मैदानावर एकदा नजर फिरवली आणि सभा बोलावली.

सभेला सगळे आले. दमाजीराव म्हणाले, "गायरान जनतेला परत देऊ, असं वचन आम्ही दिलं होतं. आज ते पूर्ण करतोय."

असं वचन दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण दिलं नसल्याचंही कुणाला नक्की आठवेना. टाळ्या सुरू झाल्या. गेणबा पुढच्या रांगेत होता. तो उठून उभा राहिला आणि पुढचे दोन्ही पाय वर करून टाळ्या वाजवू लागला.

इठाबाई त्याच्या कानाशी गेली. "गेणबा, अरे त्यांनी दिलं नाही. तुम्ही खाल्लंत ते."

"खाल्लं आम्हीच, अक्का," गेणबा म्हणाला. "पण खाऊ दिलं ना त्यांनी."

दमाजीराव बिनविरोध निवडून आले, आणि पहिल्याच बैठकीत पुढच्या डोंगरापलीकडचं दुसरं गायरान पाहून यायला एक समिती नेमली गेली.