साळूचा उतार

फार वर्षांपूर्वीची, पानोशीला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. दोन जाणत्यांनी मला दोन वेगळे आकडे सांगितले. तेव्हा नदी ओलांडायची ती गावाखालच्या उतारानं, आणि पावसाळ्यात तिथेही घोड्याला पोहावंच लागे.

त्या उताराला साळू नावाची कोळीण राहायची. घोडा पाण्यात कसा घालावा हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, असं म्हणतात. घोड्याची मान खाली ओढून धरणारा पट्टा, झेरबंद, ती आधी सोडायला लावी, कारण पोहणाऱ्या घोड्याला नाक वर काढता आलं पाहिजे. लगाम ढिला, हात आयाळीत, नजर काठावर. मग ती काठावरून हाका घाली आणि स्वार तिच्या आवाजाच्या रोखानं येई.

तिचा नवरा रायाजी शिलेदारांच्या पथकाबरोबर दूर मुलखात गेला. जाताना म्हणाला, "परत येईन तेव्हा पलीकडून नुसती तुझ्या नावानं हाक देईन. पुढचं तू बघ."

बारा वर्षं साळूनं काठ सोडला नाही. माहेरी भावाचं लग्न निघालं, तरी गेली नाही. धुणं धुणाऱ्या बायका चिडवत, काकी, तुमचा संसार नवऱ्यापेक्षा नदीशीच जास्त झाला. ती हसे, पण कान पलीकडेच असत. सगळं गाव तिला काकी म्हणे. नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

मग एका श्रावणात, दुथडी पाण्यापलीकडून हाक आली. "साळूऽ"

आवाज रायाजीचा नव्हता. तिला ते पहिल्याच हाकेला कळलं. हे नाव परक्याच्या तोंडी का आलं असेल, तेही कळलं, आणि हाक घालायची राहून गेली. तोवर स्वारानं घोडा पाण्यात घातला होता. मध्यधारेत तो भ्याला, लगाम ओढू लागला, आणि घोड्याचं तोंड पाण्याखाली गेलं.

तेव्हा साळू ओरडली, "लगाम सोड, लेकरा. आयाळ धर. माझ्याकडं बघ."

असं म्हणतात, की तिचं ऐकू जावं म्हणून नदी गप्प झाली. पाणी धावत होतं, पण आवाज नव्हता. घोड्यानं मान वर काढली. तो काठाला लागला तेव्हा साळूनं पाहिलं, झेरबंद आधीच सोडलेला होता. ते कुणी शिकवलं, हे तिनं विचारलं नाही.

त्या पोरानंच सांगितलं. रायाजी दोन पावसाळ्यांपूर्वी वारला. पण छावणीत तो ज्याला त्याला सांगे, पानोशीच्या उताराला साळू म्हणून हाक दे, ती तुला बुडू देणार नाही.

नंतर अनोळखी स्वार येतच राहिले, सगळे तिला तिच्या नावानं हाक मारत. तिनं एकालाही बुडू दिलं नाही. ती गेल्यावरही सात पावसाळे काठावरून तिच्या हाका ऐकू येत, असं म्हणतात.

आता तिथे पूल आहे. तरी पानोशीचं माणूस परगावाहून आलं की पलीकडच्या टोकाला थांबतं आणि "साळू" म्हणून हाक घालतं. अलीकडे जे कुणी असेल, धुणं धुणारं, गुरं पाजणारं, ते "ये" म्हणतं. मगच पुलावर पाऊल.

अलीकडे कुणीच नसलं तर, असं मी एकदा विचारलं होतं.

तर थांबायचं, म्हणाले.