ठकूच्या हाकेला ओ

फार वर्षं झाली. उमरदंडच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता. पलीकडे जायचं तर काठावरून ‘नाऽऽव’ अशी हाक घालायची. नावाडी हैबती भोई पलीकडून ओ द्यायचा आणि नाव आणायचा.

गावकुसाबाहेरच्या वस्तीत ठकू सून म्हणून आली, आणि पहिल्याच बाजाराला तिला काहीतरी खटकलं. वस्तीतल्या बायका हाकच घालत नव्हत्या. वाणी किंवा गुरव येईस्तोवर थांबायचं, तो हाक घालील, मग त्याच्यामागून नावेच्या टोकाला अंग चोरून बसायचं.

“आपुन का न्हाई हाक घालायची?”

“आपल्याला त्यो ओ देत न्हाई, बाई,” सासू म्हणाली.

ठकू अशी भित्री की ताटली पडली तरी दचकायची. पण पुढच्या बाजाराला तिनं डोळे गच्च मिटले आणि हाक घातली. ओ आली नाही. वाण्याच्या हाकेवर नाव आली, तेव्हा ती बसली नाही.

“माझ्या हाकंवर येईल तवा बसीन.”

मग सासूही बसेना. मग सगळी वस्तीच बसेना. बायका आधी हाक घालायच्या, आणि ओ आली नाही की टोपल्या डोक्यावर घेऊन वरच्या उतारानं कमरेभर पाण्यातून जायच्या, हैबतीच्या कानांवर गाणी रचत.

असं म्हणतात, त्या हाकेला टेकडीनं ओ दिली. बगळ्यांनी ओ दिली. हैबती मात्र गप्प. ओ दिली तर गाव आपल्याला वाळीत टाकील, ही त्याला धास्ती.

आणि पौषातल्या एका सकाळी ठकूनं हाक घातली तशी नदी वाहायचीच थांबली, असं म्हणतात. मधोमध नाव अडली. आत पाटील. हैबती वल्ही मारून घामाघूम, नाव हलेना.

काठावर त्याची बायको धुणं धूत होती. “अवं, डोंगराला ऐकू येतंया. तुमास्नीच न्हाई व्हय?”

“खबरदार ओ दिलीस तर,” पाटील म्हणाला.

“मग पवत जाताय का, पाटील?” बायकोनं काठावरूनच विचारलं.

पाटलाला पोहता येत नव्हतं.

आता तिथं पूल आहे. तरी दर पौषात वस्तीतली नवी सून काठावर उभी राहून ‘नाऽऽव’ म्हणते, आणि पलीकडून अख्खं गाव ओ देतं, पाटलांच्या घरचेसुद्धा. त्या सकाळी मात्र एकटा हैबती उठून उभा राहिला. नाव डुलली. त्यानं तोंडाभोवती हात धरले.

“ओऽऽ! आलो, ठकूबाई.”