शोकेसमधला नारळ

त्या दिवशी आभाळ नुसतं भरून राहिलं होतं. पडतही नव्हतं आणि उघडतही नव्हतं. वारा मध्येच उठायचा, अंगणातला पाचोळा गोल गोल फिरवायचा, आणि कुणीतरी दटावल्यासारखा जागच्या जागी थांबायचा. मग असं गदमदायचं, की माणसाला घरात बसवेना आणि दारात उभं राहवेना.

“पण ह्या पुरस्कारांना किंमत आहे का नाही? तेवढं सांगा की, बुवा!”

यशोधननं पुन्हा तेच विचारलं.

धोंडबुवांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. तांदूळ निवडायचं त्यांचं काम चाललं होतं, आणि ते सावकाशच चालायचं.

“बस,” बुवा म्हणाले.

यशोधन बसला. लगेच उठला.

नदीच्या वाटेवर बुवांची मठी. एक खोली, पुढं पडवी, आणि एका अंगाला यशोधनच्या घराचं कुंपण. कमरेएवढी दगडी भिंत, मध्ये दुसरं काही नाही. तेव्हा गुरू म्हणा, शेजारी म्हणा, माणूस एकच.

यशोधन लहान होता तेव्हा ती भिंत ओलांडून दिवसभर इकडंच असायचा. मुंगीला झोप लागते का? पाल छतावरून पडत कशी नाही? असलं काय काय विचारायचा. बुवा म्हणायचे, “मला काय ठावं? जा, बघून ये.” पोरगं जायचं, तासनतास पालथं पडून बघायचं, परत येऊन सांगायचं. बुवांचं शिकवणं म्हणाल तर एवढंच.

मग दोन वर्षांमागं त्याला जिल्ह्याचा गुणवंत पुरस्कार मिळाला. शाल झाली, श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. तेव्हापासून लोकच त्याला विचारायला लागले. ह्याचं उत्तर काय, त्याचं उत्तर काय. ह्यानं सांगायचं, आणि लोकांनी माना हलवायच्या. भिंत ओलांडणं हळूहळू सुटलं. कुणी भांडलं नाही, कुणी रुसलं नाही. सुटलं, एवढंच.

आणि आज आला होता तो हातात जाड फाइल घेऊन.

“ऐका,” तो म्हणाला, आणि उभ्यानंच वाचायला लागला. जिल्हा गुणवंत पुरस्कार. विज्ञान प्रदर्शन, प्रथम. वक्तृत्व, प्रथम. सामान्यज्ञान, प्रथम...

वाचून झालं. बुवांनी तांदूळ पाखडला.

“चांगलं हाय.”

“चांगलं म्हणजे?”

“चांगलं म्हंजे चांगलं. आता काय, वाईट म्हणू?”

“तसं नाही हो! पुण्याच्या त्या कॉलेजात एकच जागा उरलीय. दोघांना बोलावलंय उद्या. मी आणि कडेगावची एक मुलगी, तहसीन नाव तिचं. मार्क दोघांचे सारखे. आता हे पुरस्कार धरले तर जागा माझी. नाही धरले, तर...” तो थांबला. “मागच्या वर्षी तिथं प्रवेश मिळालेला एक जण म्हणतो, धरतात. दुसरा म्हणतो, उघडूनसुद्धा बघत नाहीत. शाळेत विचारलं तर सर म्हणाले, बघू काय होतंय ते. कुणी धड सांगतच नाही!”

“त्या पोरीकडं काय काय हाय?”

“काही नाही. एक साधं प्रशस्तिपत्रक नाही.”

“मग तू का पळतोयस असा, शेपटाला फटाके बांधल्यागत?”

एरवी यशोधन हसला असता. आज नाही हसला. पडवीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेला, परत आला.

बुवा तांदूळ निवडत राहिले.

वारा उठला. फाइलमधली पानं फडफडली. वारा पडला.

“ती प्रश्न विचारते, बुवा,” यशोधन हळूच म्हणाला.

“म्हंजे?”

“मागच्या आठवड्यात कॉलेज बघायला बोलावलं होतं सगळ्यांना. तिथल्या एका सरांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? सगळे गप्प. मग ही उठली. म्हणाली, सर, आमच्या विहिरीचं पाणी थंडीच्या दिवसांत कोमट कसं लागतं? पोरं हसली. सर हसले नाहीत. फळ्यापाशी गेले आणि असे बोलायला लागले, असे बोलायला लागले, की शिपाई दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला.”

“मग? उत्तर अवघड हुतं?”

“कसलं अवघड! मला पाठ होतं.”

“मग झालं की.”

“तेच तर...” यशोधनचा आवाज बारीक झाला. “उत्तर मला येत होतं. आमचीही विहीर आहे. मीही त्याच पाण्यानं अंघोळ करतो. पण मला कधी विचारावंसं वाटलंच नाही.”

बुवांनी सूप खाली ठेवलं.

मग म्हणाले, “जा, नारळ घेऊन ये.”

“कुठला नारळ?”

“तुझ्या सत्काराचा. तुमच्या त्या काचंच्या कपाटात हाय बघ.”

आता तो नारळ म्हणजे त्या घरात लहानसा देवच होता. यशोधनचे वडील, आप्पा, एसटीत कंडक्टर. सुट्टी असली की शोकेस उघडून चषक पुसायचे, फोटो पुसायचे, आणि नारळाची शेंडी नीट करून तो पुन्हा मधोमध ठेवायचे. मानाचा नारळ फोडायचा नसतो, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलेलं होतं. घरात सोलकढीला नारळ नसला तरी त्याच्याकडं कुणी बघायचं नाही.

यशोधन नारळ घेऊन निघाला, तशी आई मागोमाग भिंतीपर्यंत आली.

“अहो बुवा, तुम्हाला नारळ पाहिजे तर दुकानातनं आणून देते की! ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील.”

“घेऊ दे,” बुवा म्हणाले. “उतरवून ठेवतील सांजच्याला.”

आई तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

बुवांनी नारळ उलटसुलट बघितला आणि परत यशोधनच्या हातात ठेवला. “वाजवून बघ.”

यशोधननं कानाशी धरून हलवला. पाणी डचमळलं नाही. आत काहीतरी खडखड वाजलं.

“नासला वाटतं,” तो म्हणाला.

“बघितलंस?”

“नाही... पण दोन वर्षं झाली.”

“मग फोड.”

यशोधननं नारळ छातीशी धरला. परवापर्यंत ज्याच्याकडं त्यानं मान वळवून बघितलं नव्हतं, तोच नारळ आता सोडवेना.

“फोडला तर संपलं ना, बुवा. मग तो सत्काराचा कुठला राहतो?”

बुवांनी पायरीचा दगड पंच्यानं झटकला.

“आणि नासका निघाला तर? आप्पांना काय सांगू?”

बुवांनी कोपऱ्यातली विळी पुढं ओढली.

“आणि उद्याच जायचंय मला. आजच कशाला...”

बुवांनी सूप परत मांडीवर घेतलं. एक खडा शोधला. लांब फेकला.

वारा पुन्हा उठला. ह्या वेळी चांगला जोरात. भिंतीपलीकडं कुणाचा तरी पत्रा धडधडला. यशोधन पडवीच्या पायरीपाशी गेला, खाली बसला, उठला, परत बसला. आई म्हणाली, “फोडायचा तर फोड, नाहीतर जागेवर नेऊन ठेव बाबा.”

त्यानं डोळे मिटले आणि नारळ दगडावर आपटला.

पाण्याचा थेंब आला नाही. करवंटी उकलली आणि आतून खोबऱ्याचा गोटा निघाला. सबंध. तपकिरी, गुळगुळीत, कुठं डाग नाही की बुरशी नाही. उघड्यावर आला मात्र, तेलाचा गोड वास पडवीभर झाला.

“अगं बाई,” आई म्हणाली.

बुवांनी विळीवर गोट्याचे काप केले. एक आईला भिंतीवरनं दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. दात थोडे, त्यामुळं बुवांचं खाणं म्हणजे सवडीचं काम. एक काप यशोधनपुढं धरला.

तो घेईना.

“खा की. तुझाच हाय.”

यशोधननं खाल्ला. सावकाश चावला. मग खालची करवंटी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

“पाणी कुठं गेलं?” बुवांनी विचारलं.

“आटलं.”

“आटलं म्हंजे?”

“बाष्पीभवन झालं. वाफ झाली पाण्याची.” उत्तर तोंडात तयारच होतं.

“बरं. मग वाफ कुठनं बाहेर पडली?”

यशोधननं दुसरा तुकडाही उचलला.

करवंटीचे दोन्ही तुकडे त्यानं जोडून बघितले. फुटल्या जागेखेरीज कुठं तडा नव्हता. करवंटीच्या तिन्ही डोळ्यांवर नख मारून बघितलं. बंद. मग खाली बसला, करवंटी आभाळाकडं धरली, एक डोळा मिटून तिच्यातनं उजेड येतो का ते बघितलं. नाही.

“बुवा... भोक तर कुठंच नाही.”

“न्हाई खरं.”

“मग खोबऱ्यानं पिऊन टाकलं म्हणावं, तर खोबरं असं कोरडं कसं? आणि बाहेर गेलं म्हणावं, तर कुठनं गेलं? का ही करवंटीच... बुवा, कुठनं गेलं हो?”

“मला काय ठावं?” बुवा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा काप तोंडात टाकला.

यशोधन पायरीवर पालथा पडला होता. फाइल कुठंतरी बाजूला उघडी पडली होती आणि वारा तिची पानं चाळत होता. आईच गेली, आणि तिनं ती मिटून वर दगड ठेवला.

दिवेलागणीला आप्पा ड्यूटीवरून आले. चप्पल काढता काढताच त्यांची नजर शोकेसकडं गेली. मधोमध धुळीतलं एक गोल उरलं होतं.

आप्पा बघत राहिले.

“बुवांनी मागितला,” आई म्हणाली.

यशोधन करवंटी घेऊन उभा होता. “मी फोडला, आप्पा.”

आप्पांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आईनं ताटलीतला काप पुढं केला, तो बराच वेळ हातात धरला, मग खाल्ला.

“दोन वर्षं धूळ पुसली मी ह्याची,” ते म्हणाले. जरा थांबले. “आणखी आहे का?”

सकाळी आभाळ तसंच भरलेलं. पुण्याची गाडी साडेसहाची. यशोधननं फाइल पिशवीत घातली, वर करवंटीचा तुकडा घातला, काढला, परत घातला. आई दारात दही घेऊन उभी. आप्पा फाटकापाशी जाऊन चार वेळा घड्याळ बघून आले.

निघताना तो भिंतीपाशी गेला. पलीकडं बुवा तोंड धूत होते.

“बुवा, येतो.”

“ये.”

तरी तो हलेना. पिशवीचा पट्टा ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर केला.

“त्यांनी पुरस्काराचं विचारलंच, तर काय सांगू?”

बुवांनी चूळ भरली. पंच्यानं सावकाश तोंड पुसलं.

“गोड हुता म्हणावं... आणि पाणी कुठनं गेलं, तेवढं विचारून ये.”