ठकू सुईणीचा हंबरडा

फार मागची गोष्ट. आंबरडोहाच्या काठी तेव्हा दाट रान होतं आणि गाव म्हणजे नुसती खोपटं. तिथे ठकू नावाची सुईण राहायची. तिचा हात लागला की अडलेली बाईही सुखरूप मोकळी व्हायची, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात राजा कान्हरदेव राणी आणि दोन लेकरांना घेऊन तिच्या दारी आला. सेनापतीने त्याची गादी बळकावली होती. राणीची बाळंतपणं ठकूनेच केलेली. तिने त्यांना खोपटात लपवलं.

पण सेनापती माग काढत आलाच. भरदुपारी, गावादेखत, त्याने चौघांना डोहाकाठी उभं केलं. ठकू लेकरांच्या आड पदर पसरून उभी राहिली. तिला शिपायांनी फरफटत बाजूला नेलं. चौघांनाही कापून काढलं.

सेनापती म्हणाला, "यांच्यासाठी जो रडेल, तोही इथेच मरेल."

त्याने काठावर पहारा बसवला. बायांनी तोंडात पदराचे बोळे कोंबले. कोणी रडलं नाही.

त्या दिवसापासून पाखरांनी डोह सोडला, असं म्हणतात. कुत्री भुंकेनाशी झाली. मग गावात एक मूल जन्मलं, ते रडलंच नाही. ठकूने त्याला उलटं धरलं, पाठ थोपटली. मूल डोळे उघडून बघत राहिलं, ओठ हलवत राहिलं, आणि निळं पडून गेलं. पुढचंही तसंच गेलं. बाया ठकूच्या हाताला भिऊ लागल्या. ठकूही भ्याली.

अशात तिची लेक रंगू बाळंत झाली. मूल मुकं.

"आये, काहीतरी कर गं!"

"याच्या वाटचं रडं आपण गिळलंय, पोरी," ठकू म्हणाली, आणि मूल उचलून डोहाकडे धावली. पहारेकऱ्याने भाला रोखला.

"म्हातारे, तोंड उघडलंस तर बघ!"

ठकूने हंबरडा फोडला, "माझ्या राजा! माझ्या लेकरांनो!"

भाला छातीत शिरला. ठकू पडली, पण हंबरडा थांबला नाही, असं म्हणतात. डोहाचं पाणी उसळलं. डोहावरच्या कड्यातून चार आवाज तिच्या आवाजाला येऊन मिळाले, मग सारा गाव मिळाला. तिच्या कुशीत नातू टाहो फोडून रडला. शिपाई भाले टाकून पळाले.

डोहाकाठी आता शेंदूर लावलेले पाच दगड आहेत. गावात मूल जन्मलं की बारशाआधी त्याला तिथे नेतात. घरातली थोरली बाई राजाराणीसाठी मोठ्याने रडते. तोवर कोणी पाळणा म्हणत नाही. परगावची नवी सून ते बघून हसू दाबते. तेवढ्यात, वारा नसताना, डोहाचं पाणी हलतं. मग तीही रडू लागते.