काजवा चिकटवायचा चिखल

विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पाखरांचं राज्य होतं. त्या राज्यात खोपा विणायला सगळे शिकवत. खोप्यात शिरल्यावर काय होतं, ते कुणीच सांगत नसे.

सगळ्यांत खालची फांदी शिकाऊंची. तिथे तरुण पाखरं कच्चे खोपे विणत आणि ज्येष्ठ वरून चुका काढत. गाठ कशी मारायची, नळी किती लांब सोडायची, सारं घोटून घेत. पण आत ओला चिखल कशाला थापायचा, असं कुणी विचारलं, की राज्यातले सर्वांत वयस्कर जोंधळे आबा मान वळवून म्हणत, "काजवा चिकटवायला. उजेड पडतो." आणि घाईघाईने पुन्हा गाठींवर येत.

राळी नावाच्या तरुण मादीला हे काही पटेना. खोप्यामागून खोपा तिने आत डोकं घालून पाहिला. काजवा एकातही नव्हता. तिने ते सगळ्यांना सांगितलं, आणि तरुण नरांनी चिखल थापणंच सोडलं. काजवाच नाही, तर चोच कोण बरबटवून घेणार?

मग पिसझड आली. आधी पोटाखालची पिसं गळत, मग अंगात थरथर शिरे, आणि एक दिवस पाखरू टपकन विहिरीत. ज्येष्ठ त्या रोगाचं नावसुद्धा घेत नसत. "चालच वाईट होती," एवढं पुटपुटत आणि दाणे टिपायला लागत.

राळीच्या शेजारच्या सावाची पिसं गळू लागली, तेव्हा हुकूम सुटला: वाळक्या फांदीवर बस, आमच्यात पाणी पिऊ नकोस, वारा फिरला की झाड सोड. झाडाबाहेर ससाणा घिरट्या घालत होता. अर्ध्या पंखांनी सावा कुठवर जाणार, हे हुकूम सोडणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

"तुला हे लागलं कुठून रे?" राळीने विचारलं.

"मला काय विचारतेस? मला काजव्याचं शिकवलंय!"

राळी तिथून उठली ती थेट झाडाखाली गेली. तिथे गळून पडलेले खोपे तिने उसवले, गेलेल्या पाखरांचे आणि इतरांचेही. बिनचिखलाच्या गवतात बारीक तांबडी कीड वळवळत होती. चिखल थापलेल्यात तिचा मागमूस नव्हता. तिने कीड फांदीवर ठेवली, ती वाऱ्याने सुकून मेली. पाण्यात सोडली, बुडाली. खोप्याच्या उबेत, पोटाला पोट लागतं तिथेच ती एकाकडून दुसऱ्याकडे जात होती, आणि मध्ये चिखलाचा थर असला की अडत होती. एवढीशी गोष्ट! राळीला हसू आलं, आणि मग हसताहसता चीड आली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिने शिकाऊ फांदीवर एक कच्चा खोपा मधोमध टांगला आणि आत काय होतं, कीड कशी लागते, चिखल कशाला थापायचा, ते उघड सांगू लागली.

"अगं, मोठ्यांच्या देखत?" कुणीतरी चोच लपवून खिदळलं.

"मोठ्यांची पिल्लं काय आभाळातून पडली?"

तिने सावाला वाळक्या फांदीवरून बोलावलं, पंखाला पंख लावून बसवलं आणि एकाच पानावरचं पाणी दोघं प्यायली. सगळी फांदी बघत होती. काही झालं नाही. सावा म्हणाला, "बघून घ्या, पुन्हा असा नमुना मिळायचा नाही." मग मात्र सगळे मोकळेपणी हसले आणि प्रश्न सुरू झाले. चिखल किती ओला हवा? नर ऐकेना तर? "तर आत शिरायचं नाही," राळी म्हणाली. कुणी शेजारच्या कडुलिंबाचा पाला आणला. सावा तो रोज तोंड वाकडं करून चघळू लागला. अंगातली कीड गेली नाही, पण दबली. पोटाखाली नवी पिसं फुटली.

वारा फिरला त्या दिवशी जोंधळे आबा आपल्या नव्या खोप्यातून निघून तडक खाली आले.

"बंद करा हा वाह्यातपणा! चिखलाची चर्चा चारचौघांत? आमच्या वेळी असलं काही नव्हतं! आणि हा सावा आत्ताच्या आत्ता झाड..."

ओरडायला चोच पुरती उघडली, तसा तिच्या कोपऱ्यातून ओल्या चिखलाचा एक गोळा सुटला आणि राळीच्या पायाशी पडला.

आबांनी चोच मिटली.

राळीने तो गोळा उचलला. सावाने कच्चा खोपा दोन्ही पायांनी घट्ट धरला, आणि ती तो चिखल आत थापू लागली.