उर्मट पोरगा आणि नववी पाटी

फार जुनी गोष्ट आहे. नदीच्या अलीकडे एक गाव होतं, पलीकडे एक गाव होतं, आणि अलीकडच्या गावात आट्यापाट्या शिकवणारा एक म्हातारा वस्ताद होता.

खेळ सोपा. जमिनीवर नऊ आडव्या रेघा आखायच्या. रेघेला पाटी म्हणायचं. प्रत्येक पाटीवर समोरच्या गावाचा एक राखणदार उभा. पळणाऱ्याने हुलकावण्या देत नऊच्या नऊ पाट्या ओलांडायच्या आणि पलीकडच्या दगडाला हात लावायचा. वाटेत राखणदाराचा हात लागला की बाद. दोन्ही गावांचे पाच-पाच गडी पळायचे. ज्याचे जास्त गडी दगडापर्यंत पोचले, ते गाव जिंकलं.

या खेळाला पंच नसे. हात ज्याला लागला त्यानेच थांबून "बाद" म्हणायचं, अशी रीत होती.

दुसरी रीत जरा अवघड होती. हरलेल्या गावाच्या वस्तादाने जिंकलेल्या गावाला पंगतीत वाढायचं. नुसतं वाढायचं नाही, आग्रह करकरून वाढायचं. आग्रह मनापासूनचा वाटला नाही, तर समोरचा वस्ताद पानावरून उठत नसे.

आपल्या वस्तादाने लागोपाठ तीन वर्षं वाढलं होतं. पलीकडचा वस्ताद अंगाने मोठा आणि खाण्यात त्याहून मोठा. गेल्या वर्षी अकराव्या लाडवाला तो म्हणाला, "आग्रहात गोडी नाही बुवा. पुन्हा म्हणा." भर पंगतीत आपल्या वस्तादाला पुन्हा म्हणावं लागलं, "घ्या ना, माझ्या गळ्याची शपथ." घरी येऊन त्याने परात कोपऱ्यात फेकली आणि चौथ्या वर्षी वाढायचं नाही असं ठरवलं.

गावात एक सुताराचा पोरगा होता. अठरा वर्षांचा. त्याच्यासारखा पळणारा दोन्ही गावांत नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. सरावात पाटी ओलांडण्याआधी राखणदारापुढे उभा राहून जांभई द्यायचा. "उठा दादा, मी निघालोय," म्हणायचा आणि दादा हात पुढे करेपर्यंत दोन पाट्या पुढे असायचा. पळता पळता कमरेच्या शेंगा काढून खायचा. टरफलं मागे टाकायचा.

पारावरची म्हातारी माणसं चिडायची. "एवढा माज? आमच्या वेळी वस्तादापुढे मान वर करायची छाती नव्हती!"

वस्तादाला हे पटायचं. त्याच्या तालमीचा नियम एकच होता. आधी नमस्कार, मग खेळ.

गडी निवडायच्या दिवशी वस्ताद ओट्यावर बसला. एकेक जण आला आणि पाया पडला. पाटलाचा भाचा तर इतका वाकला की कपाळाला माती लागली. म्हणाला, "आपल्या चरणांशी सगळं शिकलो. माझं काहीच नाही."

"याला म्हणतात वळण," वस्ताद म्हणाला.

मग सुताराचा पोरगा आला. उभ्या उभ्याच हात जोडून म्हणाला, "वस्ताद, यंदा परात घासू नका. मी आहे."

पारावर कोणीतरी हसलं. वस्तादाचे कान लाल झाले. "चालता हो!"

"होतो. पळत गेलो तर तुम्हाला दिसणार नाही, म्हणून चालतच जातो."

घरी वस्तादाची बायको भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही पळणारा शोधताय की जावई?"

"तुला खेळातलं कळत नाही."

"लाडवातलं कळतं. मागच्या वर्षी वळून माझे खांदे गेले. पलीकडच्यांसाठी."

वस्तादाने वाकणाऱ्यांतले चार गडी निवडले. पण पाचव्या जागेसाठी त्याच्याकडे कोणी नव्हता. ती जागा त्याने तशीच ठेवली.

सामन्याच्या दिवशी दोन्ही गावं नदीच्या वाळवंटात जमली. पलीकडचे पाच गडी आधी पळाले. चार बाद झाले, एक दगडापर्यंत पोचला. एक गुण.

आता अलीकडचे. पहिला गडी इतका वळणाचा की पाटीवरच्या राखणदाराला म्हणाला, "येऊ का?" राखणदार म्हणाला, "या की," आणि त्याला धरलं. दुसरा पलीकडच्या वस्तादाला नमस्कार करायला वाकला, तो तिसऱ्या पाटीवर वाकलेलाच सापडला. तिसरा सहाव्या पाटीपर्यंत गेला. तिथे त्याच्या मामेभावाचा पहारा होता. दोघांनी एकमेकांची खुशाली विचारली, आणि तोही बाद.

वस्तादाने डोक्याचं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

चौथा पाटलाचा भाचा. हा चांगला पळाला. सातव्या पाटीवर मात्र राखणदाराची बोटं त्याच्या पाठीला घासून गेली. राखणदार ओरडला, "लागला!" भाचा पळतच राहिला. दगडाला हात लावला, मग वळला, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाला, "नाही हो दादा. आपला काहीतरी गैरसमज झाला."

वस्ताद सातव्या पाटीच्या समोरच बसला होता. त्याने बोटं पाहिली होती. तोंड उघडलं, आणि त्याला समोर परात दिसली. बारावा, तेरावा, चौदावा लाडू दिसला. त्याने तोंड मिटलं.

एकास एक. गडी एकच उरला, आणि तो तर निवडलेलाच नव्हता.

सुताराचा पोरगा वाळवंटाच्या कडेला खडकावर बसून शेंगा खात होता. वस्तादाने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "पळ."

"कोण, मी? वाटलंच होतं, आठवण होईल म्हणून." तो उठला, हात झटकले आणि पहिल्या पाटीपाशी गेला. "हां, दादा. जागे आहात ना? नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

मग तो पळाला. डावीकडे झुकायचा आणि उजवीकडून निघायचा. चौथ्या पाटीवरचा राखणदार आपल्याच पायात अडकून पडला. पोरगा म्हणाला, "सावकाश, म्हातारपणी हाड जुळत नाही." राखणदार बावीस वर्षांचा होता. पलीकडचं गावसुद्धा हसायला लागलं. सहावी, सातवी, आठवी. नववी पाटी ओलांडली आणि तिथेच तो गर्रकन वळला. राखणदाराला झुकून मुजरा केला, परत फिरून उडी घेतली, दगडावर थाप मारली.

दोनास एक! अलीकडच्या गावाने पागोटी उडवली. पाटलाने वस्तादाला मिठी मारली. वस्ताद सत्तर वर्षांचा माणूस, तो वाळूत नाचला.

धूळ बसली. पोरगा दगडापाशीच उभा होता. डोक्यावरून हात फिरवत होता.

"बाद," तो म्हणाला.

"कोण बाद?" पाटलाने विचारलं.

"मी. मुजरा करून वळलो तेव्हा शेंडी मागे उडाली. याची बोटं लागली शेंडीला."

नववा राखणदार गोंधळला. "मला तर कळलं नाही."

"तुला कसं कळेल? मी गेलो, तेही तुला कळलं नाही."

गावात एकच कालवा झाला. पारावरची म्हातारी माणसं सगळ्यांत पुढे. "गप्प बस! तुला कोणी विचारलं?" "शेंडी काय अंगात धरतात का?" पाटलाचा भाचा हळूच त्याच्या कानाशी म्हणाला, "मोठी माणसं जिंकलो म्हणतात, तर आपण लहानांनी उलटून बोलू नये."

पाटील वस्तादाच्या कानाला लागला. "तुम्हीच सांगा सगळ्यांना. पोरगं उर्मट आहे, तोंडाला येईल ते बोलतं. त्याचं बोलणं धरू नका. तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणेल?"

वस्ताद उभा राहिला. नाचून त्याला धाप लागली होती. एका बाजूला नमस्कार करणारे चार जण होते, एका बाजूला हा.

"त्याने बाद म्हटलं," वस्ताद म्हणाला. "बाद."

"मग एकास एक," पाटील घाईने म्हणाला. "बरोबरी. बरोबरीत कोणी कोणाला वाढायचं नसतं. चला, घरोघरी जेवू."

एवढ्यावर सुटता आलं असतं. वस्तादाने पागोटं डोक्यावर ठेवलं आणि घसा खाकरला.

"बरोबरी नाही. सातव्या पाटीवर पाटलाच्या भाच्यालाही हात लागला होता. मी पाहिला. पाहून गप्प बसलो. आपला गुण शून्य. आपण हरलो."

पाटलाच्या भाच्याने खाली पाहिलं. या वेळी कपाळाला माती लागली नाही.

पंगत बसली. वस्तादाने परात उचलली. पलीकडच्या वस्तादाने पहिल्या लाडवाचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "एक मागू? ते पोरगं आम्हाला द्या. त्याच्या तोंडासकट घेतो."

"लाडू घ्या," वस्ताद म्हणाला.

"आणि पोरगं?"

"लाडू घ्या म्हटलं ना! हवे तेवढे घ्या. वीस घ्या. माझ्या गळ्याची शपथ!"

पलीकडचा वस्ताद सातव्या लाडवालाच उठला. म्हणाला, इतका मनापासूनचा आग्रह उभ्या जन्मात झाला नव्हता.

भांडी आवरताना पोरगा आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"मुजरा केला नसतास तर?" वस्तादाने विचारलं.

"जिंकलो असतो."

"मग का केलास?"

पोराने पहिल्यांदाच मान खाली घातली. "त्याचं तोंड बघायचं होतं."

"बघितलंस?"

"बघितलं. पण महागात पडलं." मग मान पुन्हा वर झाली. "तरी चूक तुमचीच. मला पहिल्यांदा पाठवायला हवं होतं."

वस्तादाचे कान लाल झाले. हातातली परात वर गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. परात तशीच खाली आली, पोराच्या हातात.

"ही घास," वस्ताद म्हणाला. "आणि उद्या सकाळी सरावाला ये. न्हाव्याकडे जाऊन ये."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: पळणाऱ्या पोराचं तोंड फार चालतं म्हणून त्याची पारख करू नये. बाद झाल्यावर ते तोंड काय बोलतं ते आधी ऐकावं. मुजऱ्याचा हिशेब नववी पाटी आपणहून करते.